परळचा मठ आणि प्लेगची लस

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून, रानवार, चिंबई किंवा पालीच्या बाजूने पायी जाणाऱ्यास वळणावळणावर दगडी क्रूस भेटतात. कोणाच्या ओसरीपुढे, कोणाच्या कुंपणाला लागून, तर कोठे रस्त्याच्याच मधोमध. यांतले सगळे क्रूस एका काळाचे नव्हेत. परंतु ज्यांच्या चौथऱ्यावर १८९६ नंतरच्या पाचसात वर्षांतील साल कोरलेले आहे, त्यांना जुनी माणसे 'प्लेगचे क्रूस' म्हणूनच ओळखत. मरीने घरेच्या घरे ओस पडू लागली तेव्हा पाखाडीतील लोकांनी वर्गणी काढून ते उभारले, संध्याकाळी तेथे जमून रोझरी म्हटली, संत सबेस्तियान आणि संत रोक यांचा धावा केला. मे महिन्यात आजही त्यांतल्या कित्येकांवर फुलांच्या माळा चढतात.

याच मरीतून मुंबईत आणखी एक वास्तू उभी राहिली, किंवा अधिक नेमके सांगायचे तर एका जुन्या वास्तूला नवे आयुष्य मिळाले. परळची ती प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था या नावाने सर्वांना ठाऊक आहे. आमच्या समाजाच्या इतिहासात क्रुसांची गणना पुष्कळांनी केली. परळच्या कुप्यांची मात्र आम्ही फारशी दखल घेतली नाही. वास्तविक त्या वास्तूशी आमचे नाते क्रुसाइतकेच जुने आहे.

परळची ती जागा मुळात मठाची. पोर्तुगीज अमदानीत तेथे धर्मगुरूंचा मठ व प्रार्थनामंदिर होते आणि इंग्रजांच्या ताब्यात मुंबई आल्यावरही काही काळ ते येशूसंघीयांकडे राहिले. १७१९ च्या सुमारास इंग्रज सरकारने ते जप्त केले. पुढे तेथे गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान झाले आणि ज्या दालनात मिस्सा होत असे त्या दालनात मेजवान्या व नृत्ये होऊ लागली. शे-सव्वाशे वर्षे हा थाट चालला. तोवर भोवती गिरण्या उभ्या राहिल्या आणि धूर वाढला. १८८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले. गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड मलबार हिलवर हलवले आणि परळचा वाडा रिकामा पडला. पटकीने रिकामा केलेला हा वाडा पुढे पटकी-प्लेगाच्याच अभ्यासासाठी कामी यावा, हा योगायोग आम्हांस नेहमी विचारात पाडतो.

परंतु परळला पोहोचण्याआधी मांडवीच्या एका चाळीत जावयास हवे. सप्टेंबर १८९६. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्यातील हडफडे गावचे, झेवियर्स कॉलेजात शिकलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेतलेले कॅथलिक डॉक्टर मांडवीत व्यवसाय करीत होते. गोदीलगतच्या त्या वस्तीत धान्याची वखारे, त्यांत उंदीर आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसे. डॉ. व्हिएगस एका रुग्णाला पाहावयास गेले. ताप चढलेला, शुद्ध हरपत चाललेली आणि जांघेत गाठ. असे आणखी रुग्ण त्याच आळीत निघाले. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी निदान जाहीर केले, की हा गाठीचा प्लेग आहे.

हे सांगणे सोपे नव्हते. मुंबई हे व्यापाराचे बंदर. प्लेगाचे नाव निघताच जगातील बंदरे मुंबईच्या जहाजांना बंद होणार, हे सर्वांना कळत होते. म्हणून प्रारंभी अधिकाऱ्यांच्या तोंडून 'संशयास्पद प्रकारचा गाठीचा ताप' असली आडवळणाची भाषा निघाली. व्हिएगस मात्र आपल्या निदानावरून हटले नाहीत. ते नुसते निदान करून थांबलेही नाहीत. वस्तीची सफाई व्हावी, उंदरांचा नायनाट व्हावा, यासाठी ते सतत आवाज उठवीत राहिले. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. चर्चच्या लग्नाची खरेदी करावयास त्या बाजूला गेलेल्या आमच्या किती कुटुंबांनी मान वर करून तो पाहिला असेल, कोण जाणे!

निदान डॉक्टरने केले. पण ते सिद्ध कोणी करावयाचे? डोळ्यांना न दिसणारा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून, वाढवून, ओळखून 'होय, हाच तो' असे म्हणणारे कोणीतरी हवे. सरकारने कलकत्त्याहून एका माणसाला बोलावले. वाल्देमार मॉर्डेकाय हाफकिन. जन्म १८६० चा, काळ्या समुद्रकाठच्या ओदेसा शहरातला, धर्माने ज्यू, रशियात ज्यूंना मज्जाव असलेल्या वाटा सोडून पॅरिसला पाश्चर संस्थेत आलेले. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती आणि १८९३ पासून हिंदुस्थानात ते गावोगाव ती देत हिंडत होते. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक ओवरी, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. या देशाच्या सार्वजनिक आरोग्याच्या एका फार मोठ्या प्रयोगशाळेचा आरंभ एवढाच आहे.

लस कशी केली हे जाणून घेण्यासारखे आहे, कारण त्यात या देशाचा विचार होता. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा काढा लागे. युरोपात तो गोमांसाचा करीत. हाफकिन यांनी तो बकऱ्याच्या मांसाचा केला, म्हणजे हिंदूंची वा मुसलमानांची हरकत राहू नये. काढ्याच्या पृष्ठभागावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या आधाराने जंतूंची वाढ खाली लोंबकळत येई, गुहेतल्या छतावरून चुन्याचे खडे लोंबावेत तशी. भांडे हलवले की ती वाढ तळाशी बसे आणि नवी सुरू होई. काही आठवड्यांनी तो काढा तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक अॅसिड घालायचे आणि कुप्यांत भरून सीलबंद करायचे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि तीही इतरांना द्यावयाच्या मात्रेहून कितीतरी मोठी. ताप आला, अंग ठणकले. ते काम करीत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी लस घेतली. न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. घेतलेल्यांत, लस अंगी लागल्यानंतर, दोघांना झाला व दोघेही वाचले.

नंतरचा एक प्रयोग वाचताना मात्र अंगावर काटा येतो. बडोद्याजवळील उंढेरा गावात १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही, म्हणजे घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. ज्या घरांत पुढे प्लेग शिरला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. शास्त्राच्या दृष्टीने पुरावा निर्विवाद. परंतु त्या घरातल्या आईला, आपल्या एका लेकराला सुई मिळाली आणि दुसऱ्याला नाही, हे पुढे जन्मभर कसे वाटले असेल? हिशेबाच्या वहीत त्या प्रश्नाला रकाना नसतो. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग सहज मान्य होणार नाही, आणि तो नसावा असेच आमचे मत आहे. तरीही त्या २६ मृत्यूंनी पुढे किती जणांना वाचवले, हेही विसरता येत नाही.

आमच्या वाचकांना अधिक जवळचा वाटावा असा दाखला दमणचा आहे. पोर्तुगीज सत्तेखालील या गावात १८९७ साली प्लेगने थैमान घातले. खालच्या दमणमधील सुमारे आठ हजार लोकांपैकी २१९७ जणांनी लस घेतली. त्यांतील ३६ दगावले. ज्यांनी घेतली नाही असे ६०३३ होते. त्यांतील १४८२ गेले, म्हणजे चारांत एक. चर्चची घंटा त्या दिवसांत मृतांसाठी किती वेळा वाजली असेल याची कल्पना या एका आकड्यावरून यावी.

एवढे असूनही लोक लसीला घाबरत, आणि आम्ही त्यांना दोष देणार नाही. त्या वर्षांत सरकारची ओळख सामान्य माणसाला लसीने नव्हे, सोजिरांच्या बुटांनी झाली होती. घरात शिरून झडती, स्त्रियांची उघड्यावर तपासणी, आजाऱ्याला ओढून इस्पितळात नेणे, सामान जाळणे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. पुण्यात रँडसाहेबावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या १८९७ च्या जूनमध्ये. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. मुंबईतून सुमारे निम्मी वस्ती गावोगाव पळाली, आणि पळताना रोगही घेऊन गेली. अशा वेळी 'ही सुई तुमच्या भल्याची' असे सरकारने सांगून कोण ऐकणार? ऐकले गेले ते आपल्या माणसांचे. तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. डॉ. व्हिएगस यांनी स्वतःच्या हातांनी सुमारे अठरा हजार लोकांना लस टोचली असे सांगितले जाते. ख्रिस्ती वस्त्यांत क्रुसापुढे प्रार्थना करणारेच हात दुसऱ्या दिवशी दंड उघडा करून पुढे होत, असे मानावयास आम्हांला काहीच अडचण वाटत नाही. या दोहोंत विरोध आहे ही कल्पनाच पुढच्या काळातली.

१० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या वाड्यात 'प्लेग संशोधन प्रयोगशाळा' सुरू झाली. दीडशेहून अधिक वर्षांनी मठाच्या भिंतींत पुन्हा लोककल्याणाचे काम सुरू झाले, असे कोणी म्हटले तर त्यास भाबडेपणा म्हणू नये. तेथून लशीच्या पेट्या आगगाडीने पंजाबपासून म्हैसूरपर्यंत जाऊ लागल्या. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या.

आणि मग मुलकोवाल घडले.

पंजाबातील या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस देण्यात आली. पाच बाटल्या फोडल्या होत्या. आठवडाभरात १९ जणांना धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व गेले. हे एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले. बाटलीचा क्रमांक ५३-एन. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्या एकालाही काही झाले नाही.

बाटली परळहून आलेली, तेव्हा दोष परळचा, असे सरकारने मानले. लशीची मागणी वाढल्यामुळे हाफकिन यांनी कार्बोलिक न घालता केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पाश्चर संस्थेतील पद्धत स्वीकारली होती. तीच आता त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने निष्कर्ष काढला, की बाटली उघडण्यापूर्वीच लस दूषित झाली होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते इंग्लंडला गेले. ज्या माणसाने आपल्या देहावर लस तपासली, त्याच्यावर एकोणीस मृत्यूंचा ठपका!

परंतु समितीच्या कागदपत्रांतच दुसरी हकीगत दडलेली होती. गावात बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. नियम असा, की चिमटा ज्योतीत धरून निर्जंतुक करावा; तो फक्त कार्बोलिकच्या पाण्यात विसळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज खेड्यातल्या परिचारिकेलाही माहीत आहे. शिवाय बाटली उघडली तेव्हा तेथील डॉक्टरने तिचा वास घेतला होता आणि दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर ती आल्याखेरीज राहिली नसती. हिशेब असा सरळ होता. तो मांडावयास पाच वर्षे लागली.

त्या वेळी फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावरील खोट्या आरोपाचे प्रकरण गाजत होते, आणि हाफकिन प्रकरणाला पुढे पुष्कळांनी 'छोटे ड्रेफस प्रकरण' म्हटले. त्यात ज्यूद्वेषाचा वाटा किती आणि आपल्या खात्याची अब्रू राखण्याच्या सरकारी सवयीचा किती, याचे वजन करणे कठीण. आम्हांला दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. ड्रेफस प्रकरणात फ्रान्समधील कॅथलिक वृत्तपत्रांनी फार अशोभनीय भूमिका घेतली होती. म्हणून ही कथा आमच्या पानांवर सांगताना आम्हांला मान थोडी खाली घालूनच सांगावी लागते.

मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस हे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या जुलैमध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉस व इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. पुराव्यानिशी आरोप खोटा ठरवला गेला. सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले, पण परळला नव्हे. कलकत्त्याला आणि संशोधनापुरतेच. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त झाले.

ही कथा आम्ही सविस्तर सांगितली, कारण प्रयोगशाळा म्हणजे काय याचे उत्तर तीत आहे. लस बनवणे हे तिचे अर्धेच काम. कुपी बाहेर पडल्यावर तिचे काय झाले, कोणती बाटली कोठे गेली, कोणाच्या हातून उघडली, याची नोंद ठेवणे. आणि माणूस दगावला तर ती नोंद उघडी करून सत्य सांगणे, मग ते आपल्याविरुद्ध जावो की बाजूने, हे उरलेले अर्धे. मुलकोवालला बाटल्यांवर क्रमांक होते म्हणून तर एकोणीस मृत्यू एकाच बाटलीपाशी येऊन थांबले. क्रमांक नसते तर सर्वच लस विष ठरली असती आणि पुढच्या कोट्यवधी मात्रा कोणी घेतल्या नसत्या.

परळचे काम हाफकिन गेल्याने थांबले नाही. प्लेग उंदरांवरील पिसवा पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते. कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. परळच्या ग्लेन लिस्टन यांनी आणि १९०५ नंतर प्लेग कमिशनने येथील चाळींत गिनिपिगांचे पिंजरे ठेवून, काही पिसवांना मोकळे व काही बारीक जाळीने झाकलेले, ते निर्विवाद केले. मांडवीची धान्याची वखारे आणि त्यांतले उंदीर यांचा अर्थ तेव्हा कोठे पुरता लागला.

१९०६ मध्ये तिचे नाव 'मुंबई जंतुशास्त्र प्रयोगशाळा' झाले आणि १९२५ मध्ये हाफकिन संस्था. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखे हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. सर्पदंशावरील औषधाची येथली परंपरा तर खेड्यापाड्यांतील प्रत्येकास ठाऊक असावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषाची अल्प मात्रा घोड्यांना क्रमाक्रमाने देऊन, त्यांच्या रक्तातून काढलेला प्रतिविष द्रव एकाच कुपीत भरतात. साप कोणता होता हे न कळलेल्या शेतकऱ्यालाही तो द्यावा म्हणून. वसईच्या केळीच्या बागांत, पाणी लावताना पायाला काही टोचले म्हणून दवाखान्याकडे धावणाऱ्या माणसाला त्या कुपीची किंमत विचारावी. सत्तरीच्या दशकात उत्पादनाचा भाग वेगळा काढून स्वतंत्र महामंडळ करण्यात आले. पोलिओचे जे दोन थेंब आमच्या मुलांच्या तोंडात पडले, त्यांतील पुष्कळ परळहून आलेले होते.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वीचेच चित्र दिसले. लाखो माणसे स्टेशनावर, गाड्या उत्तरेला व दक्षिणेला भरून चाललेल्या, मुंबईत औषधाच्या दुकानांत टेट्रासायक्लिन संपलेले. रोग नक्की कोणता, यावर तज्ज्ञांत कित्येक महिने वाद चालला. भय एका रात्रीत पसरते. खात्री करावयास दिवस लागतात, आणि त्या मधल्या दिवसांत अफवाच राज्य करतात. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा आम्ही सर्वांनी ते पुन्हा अनुभवले. त्या वेळी विषाणू वेगळा करून ओळखण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. लस आली, आणि १८९७ प्रमाणेच शंकाही आल्या. तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे हे प्रेमाचे कृत्य म्हटले, तेव्हा धर्मग्रामातील काही वयस्कर मंडळी दंड पुढे करावयास तयार झाली.

हाफकिन यांच्या उत्तरायुष्याबद्दल थोडे सांगावयाचे राहिले. ते अविवाहित होते. आयुष्याच्या अखेरीस ते धर्मनिष्ठ ज्यू म्हणून जगले आणि आपली मालमत्ता पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी देऊन गेले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्याचे ठरल्यावर त्यांनी आभाराचे पत्र पाठवले. मुंबईतील कामात आपल्या आयुष्याची सर्वोत्तम वर्षे गेली, असा त्याचा आशय होता. झालेल्या अन्यायाबद्दल त्या पत्रात त्यांनी तक्रार केली नाही. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.